निजवलेले आलू

नवरात्र जवळ आलं की कमलाच्या हातांना आपोआप किसणी आठवायची. भिलाईतल्या कुरुदच्या मैदानावर गरब्याच्या मांडवाचे बांबू येऊन पडले, सकाळच्या हवेला जरासा गारवा लागला, की हिचे अंगठे शिवशिवायला लागत. पण यंदा त्या शिवशिवण्यात काळजी मिसळली होती. मागच्या वर्षीचा चिवडा काही केल्या मनातून जात नव्हता.

चिवडा म्हणजे मराठी मंडळाच्या मांडवातला उपासाचा आलू-चिवडा. लग्न होऊन कमला आर्वीहून कॅम्प वन वस्तीतल्या अंधाऱ्या दोन खोल्यांत आली, तेव्हा या गावात सगळंच पोलादाच्या प्लांटचं होतं. दिवा प्लांटचा, दवाखाना प्लांटचा, झोपेतून उठवणारा भोंगा प्लांटचा. नवरा तर प्लांटचा होताच. पहिल्या नवरात्रात माहेरची आठवण येऊन डोळे भरले, म्हणून तिनं चार आलू किसले, तळले, वर शेंगदाणे, हिरवी मिरची, सैंधव, साखरेची चिमूट घातली आणि तो चिवडा शेजारणींना वाटला. लांब, बारीक, कुंदाच्या कळ्यांसारखा पांढरा. दुसऱ्या वर्षी तो मंडळाच्या मांडवात गेला, आणि मग कमलाच्या चिवड्याशिवाय भिलाईतल्या मराठी माणसाचा उपास पुरा होईना. एवढ्या मोठ्या लोखंडाच्या गावात तेवढी एक गोष्ट तिची होती.

आणि मागच्या वर्षी ती बिघडली. बाजारात मिळाले ते कोल्ड स्टोरेजमधले जुने आलू. किस पांढराशुभ्र निघाला, पण तेलात पडला की लालभडक, मग विटकरी, मग काळपट. चव गोडसर, शेवटी कडू. मांडवात कुणीतरी पाकीट उघडून म्हणालंच, "काकू, चिवडा आहे की ब्लास्ट फर्नेसचा माल?"

सगळे हसले. कमलाही हसली. घरी येऊन मात्र तिनं कढई इतकी घासली, इतकी घासली, की तिचे यजमान दिवाकरराव म्हणाले, "तळ जाऊन राहिला तिचा. सोड आता."

यंदा गणपतीच्या बैठकीत मंडळाच्या सेक्रेटरी सीमाताई गोड आवाजात म्हणाल्या, "काकू, तुमचं वयही झालं. यंदा करा तुम्ही, पण मागच्यासारखा झाला ना, तर पुढच्या वर्षीपासून आपण दुकानातल्या पाकिटाचाच मागवू. दगदग कावून करायची?"

आवाज गोड, पण त्यातला खडा कमलाला बरोबर लागला. ती म्हणाली, "हाव, पाहू ना." आणि घरी येईपर्यंत रस्त्यात कोण भेटलं, कोण नाही, तिला कळलं नाही.

त्याच आठवड्यात नीरजानं आलूंची पिशवी आणली.

नीरजा म्हणजे कमलाची एकुलती एक पोर. रायपूरला खाण्याच्या वस्तूंचंच शिक्षण घेतलेली, आणि आता अहिवाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका नव्या केंद्रात नोकरीला लागलेली. तिथं कांद्यांना, आलूंना, मसाल्यांना गॅमा किरण देत. ही नोकरी लागली तेव्हा दिवाकरराव फक्त "बरं" म्हणाले होते. पण तेव्हापासून रोज संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहत, आणि पोरगी बसमधून उतरताना दिसली की घाईघाईनं आत येऊन पेपर उघडत. पेपर सकाळचाच असे.

"आई, हे पाह्य," नीरजानं पिशवी ओट्यावर पालथी केली. आलू घरंगळले. टणक, तुकतुकीत, जणू परवाच मातीतून निघाले. "होळीच्या वेळचे आहेत."

"होळीचे? मायबाई! अन् एकालेही कोंब नाही?" कमलानं एक उचलून फिरवून पाहिला. डोळे होते, पण मिटलेले. "मी ठेवते त्याले तर पंधरवड्यात मिशा फुटतात."

"फुटणारच नाही. किरण दिले ना. अन् कोंब फुटायची भीतीच नाही, तर मग त्याले कडक थंडीत ठेवायचीही गरज नाही. बस, हलक्या गारव्यात ठेवलं. तुझे मागच्या वर्षीचे आलू कावून लाल झाले, माहीत आहे?"

"माझं नशीब."

"नशीब नाही वं आई, शक्कर! जास्त थंडीत आलू आतून गोड होऊन जाते. अन् गोडाले तेलात टाकलं तर काय होते?"

कमलानं कपाळावर हात मारला. जन्मभर पाक करणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. "करपते!"

"बस. इतकंच."

तेवढ्यात दिवाकरराव स्वयंपाकघराच्या दारात आले. दाराबाहेरच थांबले. आत आले नाहीत.

"किरणवाले आहेत हे?" त्यांनी विचारलं.

इथं दिवाकररावांची गोष्ट सांगायला हवी. ते प्लांटच्या मेंटेनन्स ऑफिसात क्लार्क होते. पाइपांचे सांधे नीट जुळले की नाही हे पाहायला तिथं अधूनमधून किरणांनी तपासणी व्हायची. ती करणारी माणसं वेगळी, त्यांची पेटी वेगळी. दिवाकररावांनी ती पेटी कधी पाहिली नाही. त्यांचं काम एकच, नोटीस टाईप करायची. 'सावधान! किरणों का काम चालू है। रस्सी के भीतर न आएँ। दूर रहें।' त्या काळात त्यांनी ही नोटीस इतक्यांदा टाईप केली, की 'दूर रहें' हे शब्द त्यांच्या बोटांतून मनात उतरले आणि तिथंच घर करून राहिले. नोटिशीपलीकडे काय होतं, ते त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही.

"बाबा, टेन्शन मत लो ना," नीरजा म्हणाली. "आलूवर किरण पडतात, आलूत राहत नाहीत. तुम्ही उन्हात चादर वाळवता, ती रात्री उजेड देते का?"

"चादर मी खात नाही," दिवाकरराव म्हणाले.

कमलाला हसू फुटलं. तिनं लगेच दोन आलू सोलले, किसले, तीन पाण्यांतून काढले, कपड्यावर पसरले आणि कढई ठेवली. किस तेलात पडला, फसफसला, फुलून वर आला. पांढरा! जणू कुणी कढईत चांदणं ओतलं. कमला झाऱ्यातला तो पांढरा गुंता पाहत राहिली.

"अहो, घ्या ना थोडा."

"माझं पोट भरलं आहे," दिवाकरराव म्हणाले. जेवायला अजून तास होता.

"अन् आई," तोंडात चिवडा कोंबत नीरजा म्हणाली, "मांडवात बोर्ड लावावा लागेल हं. किरण दिलेले आलू आहेत म्हणून. लपवायचं नाही, गोणीवरही खूण असते."

"मग बोर्ड लिहायले तुझे बाबा आहेतच की. त्यांच्यासारखं अक्षर आहे का कोणाचं?"

"मी असला बोर्ड लिहीत नाही," दिवाकरराव म्हणाले, आणि परसात निघून गेले. जाताना मात्र पिशवीतले दोन आलू कागदात धरून, हात लांब ठेवून, घेऊन गेले.

त्यांनी ते वाफ्यात लावले. शेजारी बाजारातले दोन लावले. मध्ये काडी रोवली. रोज सकाळी भोंगा झाला की तांब्या घेऊन जात, दोन्हींकडे सारखं पाणी घालत. आठवड्या-दोन आठवड्यांत बाजारच्या आलूंनी माती फोडली, हिरवी पानं उभी राहिली. नीरजाच्या आलूंची माती जशीच्या तशी.

"पाह्य!" दिवाकररावांनी कमलाला हात धरून परसात नेलं. "मेले. जीवच काढून घेतला त्यातला. अन् हे तू उपासाच्या माणसांले चारणार?"

कमलानं खाली बसून मातीत बोटं घातली आणि आलू वर काढला. पुसला, गालाशी लावला. गार होता, घट्ट होता.

"मेला कुठं? झोपला आहे," ती म्हणाली.

"आलू झोपते का?"

"मग काय! आपली नीरू नव्हती का, पाळण्यात एकदा झोपली की तुमचा भोंगा वाजला तरी उठत नव्हती."

तिनं आलू पुन्हा मातीत ठेवला, वर माती लोटली, थोपटली. आणि थोपटता थोपटता तिच्या तोंडून आपसूक ओळी आल्या. तिच्या आईची अशीच सवय, जात्यावर बसली की जे समोर दिसेल त्याची ओवी करायची.

"पाळीचा गं भोंगा झाला, जग निघालं कामाला,
तुले नाही रे हजेरी, नीज नीज आलूबाळा."

दिवाकरराव हसले नाहीत. ते वाफ्याकडे पाहत राहिले आणि एकदम म्हणाले, "ती रोज जाते ना तिथं. त्या खोलीच्या जवळ."

कमलाला वाटलं, काही बोलावं. पण फाटक वाजलं, दूधवाला आला, आणि ते वाक्य परसातच राहिलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी केंद्राच्या गाडीतून आलूंच्या गोण्या आल्या. जाळीच्या, प्रत्येकीवर हिरव्या फुलासारखी खूण. कमलाला घटासाठी माती, परडी, फुलं आणायला कॅम्पच्या बाजारात जायचं होतं.

"तू जा, मी ठेवतो आत," दिवाकरराव म्हणाले.

कमला चकित झाली. "तुम्ही? हात लावान?"

"हातमोजे आहेत माझ्याजवळ."

बिचारे बदलून राहिले, तिला वाटलं. बाजारात झेंडूच्या ढिगासमोर उभी राहून ती एकटीच हसली. फुलवाली तिच्या छत्तीसगढीत म्हणाली, "का होगे दाई, बड़ खुस हस?" "हाव गं, खूश आहे," कमला म्हणाली आणि एक माळ जास्तीची घेतली.

परत आली तेव्हा गोण्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओळीनं उभ्या होत्या, तोंडं बांधलेली. दिवाकरराव नळाखाली कोपरापर्यंत हात धूत होते. पुन्हा साबण लावत होते, पुन्हा धूत होते. कमरेला हात लावून वाकत होते.

"इतकं काय दुखलं?"

"काही नाही. वय झालं," ते म्हणाले. रात्री लवकर झोपले. झोपेत मात्र कूस बदलत राहिले.

सकाळी घट बसला. माळ चढली. मग कमलाच्या अंगणात मंडळाच्या बाया जमल्या. पहिल्या दिवशीचा चिवडा हिच्याच अंगणात तळायचा आणि इथूनच मांडवात न्यायचा, ही जुनी पद्धत. सतरंज्या पसरल्या, किसण्या निघाल्या, मोठ्या शेगडीवर मोठी कढई चढली. सीमाताई रेशमी साडी सांभाळत खुर्चीवर बसल्या. नीरजानं सुट्टी घेतली होती, ती जो येईल त्याला हिरव्या खुणेचा अर्थ सांगत होती.

"पण उपासाले चालते का हे?" एकीनं विचारलं.

"कावून नाही?" कमला म्हणाली. "पापड्यांले ऊन लागते, ते चालते. याले दुसरं ऊन लागलं, असं समज."

बाया हसल्या. गोणी फोडली, आलू सोलले, सालींचा ढीग झाला. किस तीन पाण्यांतून निघाला, कापडावर वाळला. कमलानं देवीचं नाव घेतलं आणि पहिला घाणा तेलात सोडला.

फसफस झाली. किस फुलून वर आला. आधी पांढरा, मग पिवळा. कमलानं झारा उचलेपर्यंत लाल. परातीत उतरेपर्यंत विटकरी.

किसण्या थांबल्या. कढईचं तेल तेवढं बोलत राहिलं.

"आच जास्त झाली असेल," कुणीतरी म्हणालं. कमलानं आच कमी केली, दुसरा घाणा टाकला. तोही तसाच. मागचंच वर्ष परातीत येऊन बसलं होतं.

सीमाताईंनी एक काडी उचलली, चावली, आणि खाली ठेवली. "काकू," त्या हळूच म्हणाल्या, "राहू द्या आता. मी दुकानवाल्याले फोन लावते. संध्याकाळची आरती आहे, मांडव रिकामा कसा ठेवायचा?"

"ये हो ही नहीं सकता," नीरजा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "सीमाताई, मी स्वतः तपासून पाठवलेला माल आहे. आई, असं होऊच शकत नाही."

"होऊन राहिलं ना पण," सीमाताई म्हणाल्या, आणि फोन हातात घेऊन फाटकाकडे गेल्या.

कमलानं झारा खाली ठेवला. तिला कढईचं वाईट वाटलं, स्वतःचं वाटलं, पण सगळ्यांत जास्त वाटलं पोरीचं. आता सगळे म्हणतील, किरणांचं शिकली अन् आईचा चिवडा जाळला. काय करावं हे न सुचून ती उरलेल्या गोणीपाशी जाऊन बसली आणि आत हात घातला, नुसताच, जसा माणूस देवाच्या पायांवर ठेवतो तसा.

बोटाला काहीतरी लागलं. मऊ, ओलसर.

तिनं आलू बाहेर काढला. डोळ्यातून एक पांढुरका कोंब डोकावत होता, नखाएवढा. दुसरा काढला. त्याच्या डोळ्यांवर ताजे टवके होते, कुणीतरी कोंब खुडून टाकल्यासारखे. तिसराही तसाच. नीरजाची पहिली पिशवी महिनाभर तिच्या टोपलीत होती. त्यातल्या एकानंही डोळा उघडला नव्हता. आणि हे तर रात्रभर जागेच असावेत असे दिसत होते.

मग तिनं गोणीचं तोंड पाहिलं. सुतळीची गाठ. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मधून टोक खुपसलेली चपटी गाठ. अशी गाठ साऱ्या भिलाईत एकच माणूस बांधत होता. उभा जन्म त्यानं फायली अशाच बांधल्या, लोणच्याच्या बरणीचा दादराही तो असाच बांधतो.

कमला उठली. "जरा पाणी पिऊन येते," बायांना म्हणाली. नीरजाला डोळ्यांनी खुणावलं आणि परसात गेली.

दिवाकरराव वाफ्यापाशी तांब्या घेऊन उभे होते. पाणी घालून झालेलं दिसत होतं, तरी ते तसेच उभे होते.

"माझे आलू कुठं ठेवले?" कमलानं विचारलं. आवाज चढवला नाही.

त्यांनी तांब्या या हातातून त्या हातात घेतला. "कोणते?"

"झोपलेले."

दिवाकररावांनी मान वळवून स्कूटरच्या शेडकडे पाहिलं. कमला तिकडे गेली आणि पाहतच राहिली. जुनी स्कूटर बाहेर काढलेली. शेडच्या दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली, दोरीला तिच्याच जुन्या लाल परकराच्या चिंध्या झेंड्यांसारख्या ओळीनं लावलेल्या. मधोमध पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरांत, 'सावधान! दूर रहें।' आणि आत, जुन्या ताडपत्रीखाली, तिचे सगळे आलू.

कमलाला राग यायला हवा होता. आला नाही. आधी पोटात गुदगुदलं, मग खांदे हलले, आणि मग ती तोंडावर पदर धरून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "अहो! माझा परकर!"

"हसू नको," दिवाकरराव म्हणाले. "इतके लोक खातील. उद्या एखाद्याचं पोट दुखलं तरी नाव कोणाचं निघेल? माझ्या पोरीचं. म्हणून कॅम्पातून दुसरे आधीच आणून लपवले, तू बाजारात गेली तशी बसून बसून कोंब काढले, भरले. मले काय माहीत, ते लाल होते म्हणून."

"बाबा." नीरजा मागे येऊन उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे. "काळजी माझ्या नावाची, की माझीच?"

दिवाकरराव म्हणाले, "तू रोज जाते तिथं. मी जन्मभर लोकांले सांगितलं, दूर राहा, दूर राहा. अन् माझीच पोट्टी आत जाऊन बसली."

नीरजानं पर्समधून प्लॅस्टिकची छोटी पट्टी काढली. "हे काय आहे, कधी विचारलं तुम्ही? कामावर छातीवर लावतो आम्ही. आमच्यावर किरण पडले तर याच्यात समजते. दर खेपेले कोरी निघते. ते किरण भिंतीआड असतात बाबा, माणूसभर जाड भिंतीच्या आड, आणि काम नसलं की किरण सोडणाऱ्या कांड्या खोल पाण्यात बुडवून ठेवतात. आलू पेटीत बसून आत जातात, फिरून बाहेर येतात. मी नाही जात."

"तू नाही जात?"

"मी तर बाहेर बसून चहा पिते अन् आलू मोजते."

"मग सांगितलं कावून नाही?"

"तुम्ही पेपर वाचत होते ना. सकाळचा. संध्याकाळी."

दिवाकररावांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली, चष्मा वर करून पाहिली. आयुष्यभर नोटिशीच्या अलीकडे उभा राहिलेला माणूस पहिल्यांदा पलीकडे डोकावत होता. पण पाय काही हलले नाहीत.

अंगणातून सीमाताईंचा फोनवरचा आवाज आला, "हॅलो, भैया? उपासवाला चिवडा है क्या?"

कमलानं पदर खोचला. वाकली, आणि लाल चिंध्यांच्या खालून आत गेली. ताडपत्री ओढली, रिकाम्या पोत्यात आलू भरभर लोटले आणि पोतं उचलायला गेली. पोतं जमिनीवरून तसूभरही हललं नाही. तिनं दात आवळून पुन्हा जोर लावला. बांगड्या वाजल्या.

"कंबर धरेल तुझी," दिवाकरराव बाहेरून म्हणाले.

"धरू द्या."

"नीरू, तू उचल ना तिच्यासोबत."

नीरजा हाताची घडी घालून उभी राहिली. "मी नाही. बोर्ड लावला आहे ना, दूर रहें."

कमलानं तिसऱ्यांदा जोर लावला. पोतं कलंडलं, ती अर्धवट कोलमडली, आणि दिवाकरराव "अवं, थांब ना, एकटी कावून उचलते!" म्हणत दोरीखालून वाकून कधी आत शिरले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पोत्याचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं. उघड्या हातात. आलू त्यांच्या छातीला टेकले होते.

दोघं क्षणभर तसेच उभे राहिले, पोत्याच्या दोन टोकांना.

"काय होऊन राहिलं का?" कमलानं हळूच विचारलं.

"वजन होऊन राहिलं," दिवाकरराव म्हणाले. "चाल लवकर. तिचा सौदा होऊन जाईल."

मग जी धांदल उडाली! बायांना कमलानं एवढंच सांगितलं, "गोण्यांची अदलाबदल झाली होती." कुणी केली, हे कुणी विचारलं आणि कुणी नाही, पण दिवाकरराव स्वतः पाटावर बसून आलू सोलायला लागले, तेव्हा बऱ्याच जणी एकमेकींकडे पाहून गालात हसल्या. कढई पुन्हा तापली. कमलानं किस सोडला. सगळ्यांनी माना पुढं केल्या. सीमाताईंनीही, फोन कानालाच ठेवून.

फसफस झाली. किस फुलला. पांढरा. झाऱ्यात आला, पांढरा. परातीत पडला, कुरकुरला, तरी पांढरा.

सीमाताईंनी एक काडी उचलली. मग मूठभर उचलला. फोनमध्ये म्हणाल्या, "भैया, रहने दो," आणि कमलाकडे वळून, खऱ्याखुऱ्या आवाजात, "काकू, हा तर माझ्या लहानपणचा चिवडा आहे!"

"मग पुढच्या वर्षीचं पाकीट?"

"कोणतं पाकीट? तुम्ही हात चालवा, आरतीले उशीर होऊन राहिला."

कमला घाण्यामागून घाणा काढत गेली. तेलाची धग तोंडावर, मनात मात्र नदीकाठचा गारवा. आणि ओवी थोडीच विचारून येते?

"कढईत चांदणं गं, झाऱ्यात कुंदाची फुलं,
दोरी ओलांडून आलं, माझ्या धन्याचं पाऊल."

"आई, बाबांवर गाणं!" नीरजा ओरडली. दिवाकररावांनी मान आणखी खाली घातली आणि साल निघून गेल्यावरही तोच आलू सोलत राहिले.

विटकरी चिवडा कमलानं डब्यात भरून नवऱ्यासमोर ठेवला. "हा तुमचा. नऊ दिवस."

त्यांनी एक घास खाल्ला. "वाईट नाही," ते म्हणाले. "थोडा कडू आहे. माझ्यासारखा."

सगळं मांडवात गेलं, तरी दिवाकरराव मागेच राहिले. "येतो," म्हणाले, "एक काम आहे."

मांडवात आरती झाली. चिवड्याच्या टेबलापुढे माणसं जमली, पण मागच्या वर्षीची आठवण ठेवून जरासं अंतर राखूनच. पांढरा रंग पाहून कुजबुजत होती, "इतका पांढरा कसा? काही टाकलं का त्यात?" मंडळाचे सगळ्यांत वयस्कर आनंदराव काठी टेकत पुढं आले, चष्म्यातून परात पाहून म्हणाले, "कमला, मले आधी सांग, हे काय आहे."

कमला तोंड उघडणार, तोच गर्दीतून दिवाकरराव वाट काढत आले. छातीशी पुठ्ठा धरलेला. त्यांनी तो टेबलाच्या पुढच्या बाजूला लावला, सुतळीनं बांधला, चपटी गाठ मारली आणि बाजूला झाले. शेडमधलाच पुठ्ठा होता तो, मागची कोरी बाजू आता बाहेर होती. त्यावर तेच सुरेख, ठसठशीत अक्षर होतं. आनंदरावांनी मोठ्यानं वाचलं, आणि मागच्यांना दिसत नव्हतं त्यांनी ऐकलं:

"सावधान! या आलूंवर किरणांचं काम झालेलं आहे. जवळ या."

आधी एक हसला, मग सगळा मांडव. आणि हसता हसता माणसं जवळ आली. इतकी जवळ, की टेबल मागं सरकायला लागलं आणि सीमाताईंना ओरडावं लागलं, "अरे, लाईन लावा ना बाप्पा!"

कमलानं पहिलं पाकीट भरलं. आनंदराव हात पुढं करून उभे होते, पण त्यांच्याआधी टेबलाच्या कडेनं दुसरा एक हात आला होता. सालींनी काळवंडलेला, साबण न लावलेला.

"तुमचा डबा घरी आहे," कमला म्हणाली.

"तो घरी खाईन," दिवाकरराव म्हणाले. "हा दे."

त्यांनी पाकीट उघडलं, एक पांढरी काडी काढली, उजेडात धरून पाहिली. नीरजा पाहत होती, कमला पाहत होती. काडी तोंडात गेली, कुर्रर्र झालं. दिवाकररावांनी डोळे मिटले, उघडले, आणि दुसरा हात पुढं केला.

"अन् एक नीरूच्या केंद्रातल्या लोकांसाठी बांध," ते म्हणाले. "उद्या मी स्वतः नेऊन देतो. पाहून येतो एकदा, कुठं बसून चहा पिते ते."